तीस हजार रुपये आणि खर्जाची तार

“घरात अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत, वडिलांच्या वेळच्या एलपी आहेत. तीस हजार रुपये बाजूला काढलेत. यातलं नेमकं काय बदललं तर सर्वांत जास्त फरक पडेल?”

हा प्रश्न मला लोकांनी मैफलीच्या मध्यंतरात विचारलाय आणि लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्याच्या मनात एक उत्तर बहुधा आधीच तयार असतं: जास्त वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. मीही पूर्वी तेच केलं होतं. आमच्या हॉलमध्ये ख्यालगायन लावलं की तंबोऱ्याची खर्जाची तार भलतीच घुमायची. डग्ग्याची घुमक तिच्यात मिसळली की गायकाचा आवाज गढूळ व्हायचा. मी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. घुमणं तसूभरही कमी झालं नाही, कारण ते यंत्रातून येतच नव्हतं. ते आमच्या हॉलच्या लांबीतून येत होतं. तो हिशेब पुढे करूच. त्याआधी आवाज कुठून कुठे जातो ते पाहू.

१. नक्कल आणि भाषांतर

समजा, आजोबांचं एक मोडी लिपीतलं पत्र तुमच्याकडे आहे. त्याची झेरॉक्स काढली तर अक्षरं थोडी फिकी होतील, पण मजकूर तोच राहील. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी फारसं बिघडत नाही. तेच पत्र एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि तिथून तिसऱ्या भाषेत नेलं, तर प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सांडतं आणि काहीतरी पदरचं मिसळतं.

स्टिरिओचंही तसंच आहे. एलपीच्या खाचेतली सुई हलते आणि त्या हालचालीची वीज होते. हे पहिलं भाषांतर. अ‍ॅम्प्लिफायर त्या विजेची मोठी नक्कल काढतो. वीज आत गेली, वीजच बाहेर आली. स्पीकरमध्ये विजेची पुन्हा हालचाल होते, कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू हवा ढकलतो. हे दुसरं भाषांतर. शेवटी तो आवाज खोलीत शिरतो, भिंतींवर आपटतो आणि मूळ आवाजात आपले प्रतिध्वनी मिसळून कानापर्यंत येतो. हे तिसरं, आणि बहुतेक घरांत सर्वांत वाईट.

माझं म्हणणं एवढंच आहे: पैसा आणि कष्ट भाषांतराच्या जागी घाला. नक्कल काढणारी यंत्रं गेल्या चाळीस वर्षांत इतकी सुधारली आहेत की तिथे घातलेल्या रुपयातून कानाला फार थोडं मिळतं.

२. फरक मोजायचा कसा

इथे एका मापाची ओळख करून घ्यावी लागेल: डेसिबल. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर प्रकरणभर पुरतील. एक डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकलं तर जेमतेम कळतो. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वीज, पण कानाला फक्त ‘थोडं मोठं झालं’ एवढंच वाटतं. आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट वीज, तेव्हा कुठे आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

आता कोणताही चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. माणसाला ऐकू येणाऱ्या साऱ्या स्वरांना, म्हणजे सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत, तो जवळपास सारखाच न्याय देतो. चूक अर्ध्या डेसिबलच्या आतबाहेर. चांगल्या स्पीकरची चूक तीन डेसिबल इकडेतिकडे असते, स्वस्त स्पीकरची त्याहून बरीच जास्त. आणि खोली? खालच्या स्वरांत दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार अगदी साध्या घरात सापडतात. म्हणजे एखादा स्वर दुप्पट मोठा आणि शेजारचा जवळजवळ गायब.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की तीस हजारांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

३. खोली: परातीतलं पाणी

परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत चालत जा. पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हेलकावे घेऊ लागतं. तुमची चाल त्या हेलकाव्याशी जुळली की पाणी सांडतं. गंमत अशी की काठावर पाणी वरखाली होत असतं तेव्हा परातीच्या मध्यावर पातळी जवळपास स्थिर असते.

बंद खोलीतली हवा अशीच हिंदकळते. समोरासमोरच्या दोन भिंती हे परातीचे काठ. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर धावतो. आमचा हॉल ५ मीटर लांब. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन परत यायला १० मीटर. ३४४ भागिले १० म्हणजे ३४.४. सेकंदाला सुमारे ३४ कंपनं झाली की या हॉलमधली हवा पहिल्यांदा हिंदकळते. त्याच्या दुपटीला, ६८.८ वर, दुसऱ्यांदा.

आता तंबोऱ्याकडे या. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९.३. आमच्या हॉलची दुसरी हिंदकळ ६८.८! गायक काळी एकमध्ये गायला बसला की खर्जाची प्रत्येक छेड आमच्या हॉलला झोका देत होती. तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा जवारीमुळे उठणारे वरचे स्वर जास्त ठळक असतात हे खरं. तरी जो काही मूळ स्वर होता तो खोलीने फुगवून ठेवला होता. वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेची ध्वनिमुद्रणं मात्र त्याच हॉलमध्ये स्वच्छ ऐकू यायची. हे कोडं मला कितीतरी दिवस उलगडलं नव्हतं.

या दुसऱ्या हिंदकळीत जोर कुठे असतो? दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर. कुठे नसतो? दोन्ही भिंतींपासून सव्वा-सव्वा मीटरवर. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता, म्हणजे मी परातीच्या काठावरच बसत होतो. सोफा पुढे ओढून डोकं भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर आणलं, तर त्या हिंदकळीचा दाब सुमारे निम्म्यावर येतो. तेवढं केलं. खर्च काही नाही. घरच्यांनी सोफ्यामागून जायला वाट झाली म्हणून समाधानही मानलं.

तुमच्या खोलीचा हिशेब तुम्हीच करा. ३४४ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, मग रुंदीच्या दुपटीने. ३ मीटर रुंदीला ५७ येतील, ४ मीटर लांबीला ४३. लांबी आणि रुंदी सारखीच असेल तर दोन्ही हिंदकळी एकाच स्वरावर चढतात, म्हणून चौरस खोली आवाजाला कठीण. मोबाइलवर एकेक स्वर वाजवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. फोन स्टिरिओला जोडा, ४० पासून १५० कंपनांपर्यंत हळूहळू चढत जा आणि खोलीत फिरून ऐका. कुठे आवाज अंगावर येतो, कुठे विरतो, हे दहा मिनिटांत कळतं. शोकेसची काच किंवा लोखंडी कपाटाचं दार कोणत्या स्वराला किणकिणतं तेही कळतं.

हा झाला खालच्या स्वरांचा मामला. मधल्या आणि वरच्या स्वरांचं दुखणं वेगळं: आवाज विझतच नाही. याचा छडा लावला वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे बोललेला शब्द विझायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागायचे. एवढ्या वेळात वक्ता पुढची दोन वाक्यं बोलून जातो, आणि सारे शब्द एकमेकांत कालवले जातात. सॅबाइन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. गाद्या वाढवत गेले तसा वेळ कमी होत गेला. पहाट झाली की गाद्या परत जागेवर. या रात्रींतून जे सूत्र निघालं त्याच्या आधारे १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. जगातल्या उत्तम संगीतगृहांत आजही त्याचं नाव घेतात.

सूत्र साधं आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीत आवाज पिणारी जागा किती चौरस मीटर आहे त्याने भागा. ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच अशी खोली म्हणजे ३६ घनमीटर. गुणाकार ५.८. खोली रिकामी, गुळगुळीत फरशी आणि गिलाव्याच्या भिंती असतील तर एकूण ६६ चौरस मीटर पृष्ठभागातून जेमतेम २ चौरस मीटरइतकाच आवाज प्यायला जातो. ५.८ भागिले २ म्हणजे जवळपास तीन सेकंद. नव्या फ्लॅटमध्ये सामान यायच्या आधी टाळी वाजवली की जो झणकार येतो, तो हाच. आता सतरंजी, कापसाची गादी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट आणि दोन माणसं मिळून ही जागा १० चौरस मीटर झाली, तर वेळ येतो ०.५८ सेकंद. एवढ्यात गाणं सुखाने ऐकता येतं.

आपल्याकडच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी असते, काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. तिथे स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये एक जाड सतरंजी किंवा गालिचा टाकणं, ही मला ठाऊक असलेली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. फक्त पडद्याकडून खर्जाची अपेक्षा करू नका. पातळ कापड वरचे स्वर पितं, खालच्यांना ते हवेसारखंच.

४. दोन स्पीकर, एक गायक

अ‍ॅलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओचं पेटंट मागितलं, तेव्हा त्यामागची कल्पना अशी होती की दोन स्पीकरमधून निघालेला आवाज ऐकणाऱ्याच्या कानात एकत्र येऊन मधल्या मोकळ्या हवेत गायक ‘उभा’ करावा. हे घडायचं तर तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर दोन मीटर अंतरावर, तर तुम्हीही दोन्हींपासून दोन मीटरवर, आणि उंच स्वर काढणारी छोटी चकती तुमच्या कानाच्या उंचीला. कितीतरी घरांत एक स्पीकर टीव्हीशेजारी आणि दुसरा कपाटावर असतो. मग कितीही पैसे घाला, गायक मध्ये येणार नाही.

एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका बिंदूतून यायला हवा. तो पसरट, डोक्याभोवती तरंगणारा वाटला आणि डग्गा पोकळ लागला, तर मागे जाऊन तारा तपासा. एका स्पीकरची लाल तार काळ्याच्या जागी गेली की एक शंकू हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मी स्वतः पाहिलेल्या ‘स्पीकर गेलेत, नवे घ्यायचेत’ अशा तक्रारींपैकी काही या एका तारेने मिटल्या आहेत.

५. आता पैसे काढा: स्पीकर

खोली आणि मांडणी झाली, आता बदलायची पहिली वस्तू स्पीकर. तीस हजारांपैकी वीस-पंचवीस हजार इथेच जाऊ द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

मात्र जुने स्पीकर चांगल्या घराण्यातले असतील तर टाकायची घाई करू नका. पुढची जाळी काढा. शंकूच्या कडेला जो लवचीक पट्टा असतो तो फोमचा असेल, तर आपल्या उष्ण, दमट हवेत दहा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो, कोकणपट्टीत आणि मुंबईत त्याहून लवकर. बोट लावलं की चुरा हातात येतो. असा स्पीकर फाटक्या पखवाजासारखा वाजतो, आणि मालकाला वाटतं अ‍ॅम्प्लिफायर थकला. पट्टा नवा बसवून देणारे कारागीर पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर सापडतात. शंकू आणि गुंडाळी शाबूत असेल, तर नव्या स्पीकरच्या किमतीच्या लहानशा भागात जुनं दुखणं बरं होतं.

नवे घेताना मोठ्या खोक्याला भुलू नका. छोट्या खोलीत मोठे स्पीकर म्हणजे परातीत जास्त पाणी. दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीला साडेपाच-सहा इंची शंकूचे, स्टँडवर ठेवायचे स्पीकर पुरतात. खर्ज कमी वाटला तर पुढे कधीतरी सबवूफर जोडता येतो. त्याची जागा शोधायची युक्ती अशी: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं काही लावा आणि खोलीच्या कडेकडेने गुडघ्यावर फिरा. जिथे खर्ज सर्वांत सारखा आणि आटोपशीर ऐकू येईल, तिथे सबवूफरची जागा.

६. वॉटचा हिशेब

“माझा तीस वॉटचा आहे, साठचा घेऊ का?” दुप्पट वीज म्हणजे तीन डेसिबल, हे आपण पाहिलं. साठ वॉटनी मिळणार ते एवढंच.

किती वॉट खरंच लागतात? स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते, उदाहरणार्थ ८७ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर थोडं घटतं, दुसरा स्पीकर आणि खोली थोडं भरून काढतात. हाती साधारण ८० उरतात. घरात निवांत ऐकायला सरासरी ७५ पुष्कळ झाले, त्याला एक-तृतीयांश वॉट पुरतो. तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेला त्याच्या वर १५ डेसिबल लागले, तर ती वेळ दहा वॉटमध्ये निभते. तुमच्या तीस वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरला अजून दम आहे. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर घेतले, तर तो तीसचा अ‍ॅम्प्लिफायर न बदलता साठचं काम करतो.

अपवाद आहेत. हॉल फार मोठा असेल किंवा स्पीकर विजेचे भुकेले असतील, तर जास्त वॉट हवेत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सतत गुणगुण, बटण फिरवताना खरखर असेल, तर तो आधी दुरुस्तीला न्यावा. जुनी कपॅसिटर बदलणं आणि बटणं साफ करणं हे खर्चाचं काम नाही.

७. सुई, फोन, तार

एलपी ऐकणाऱ्यांसाठी सुई हे पहिलं भाषांतर, म्हणून तिचा मान स्पीकरच्या खालोखाल. हिऱ्याची सुईही साधारण पाचशे ते हजार तासांत झिजते. रोज एक तास ऐकलं तर दीड-पावणेतीन वर्षं. झिजलेली सुई वाईट वाजते हा एक भाग. ती खाच कायमची खरवडते हा खरा धोका, आणि वडिलांच्या एलपी बाजारात पुन्हा मिळतील याची खात्री नाही. शेवटची सुई कधी बदलली हे आठवत नसेल, तर तीस हजारांतून आधी तिचे पैसे काढा.

फोनवरून किंवा सीडीवरून ऐकणाऱ्यांना ही चिंता नाही. १९८२ साली आलेल्या सीडीत आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, आणि अगदी हळू ते अगदी मोठा यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचा आवाका असतो. कोणत्याही घरातल्या पंख्याच्या आवाजाखाली या आवाक्याचं खालचं टोक बुडून जातं. अंकांची वीज करणारी चिप, तिला डॅक म्हणतात, आज हजार-दोन हजारांतही उत्तम मिळते.

तारेचा हिशेब तर दोन ओळींत होतो. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार, स्पीकरपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा: अडथळा सुमारे ०.१२ ओम. आठ ओमच्या स्पीकरपुढे घट ०.१३ डेसिबल, म्हणजे कानाला कळेल त्याच्या कितीतरी आत. मुंबईच्या लोहार चाळीतून मीटरवर विकत घेतलेली वायर पुरे.

८. दुकानात जाण्याआधी

कान प्रामाणिक असतो, पण त्याच्या जोडीला डोळे असतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, भारदस्त स्पीकरना श्रोत्यांनी जास्त गुण दिले आणि लहान, स्वस्त संच मागे पडला. पडदा ओढल्यावर गुणांतलं अंतर कमी झालं. ऐकणारे अननुभवी होते असंही नव्हतं.

दुसरा फसवा भाग मोठेपणाचा. दोन स्पीकरपैकी जो जरासा मोठा वाजतो तो नेहमीच ‘जास्त खुला, जास्त भरदार’ वाटतो, कारण आवाज वाढला की कानाला खर्ज अधिक भरलेला लागतो. हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून द्यायला सांगा आणि डोळे मिटा.

आणि सोबत एक ध्वनिमुद्रण न्या, बाजारात न मिळणारं. घरातल्या कुणाचा तरी आवाज फोनवर टिपा: आई, आजी, जी व्यक्ती रोज तुमच्याशी बोलते ती. मोकळ्या गच्चीत टिपा, म्हणजे खोलीचे प्रतिध्वनी मिसळणार नाहीत. दोन मिनिटं काहीही बोलू दे, भाजीचे भाव सांगितले तरी चालतील. सतार किंवा व्हायोलिन प्रत्यक्षात कसं वाजतं याचा आपला अंदाज चुकू शकतो. आईचा आवाज कसा आहे यात कान चुकत नाही. दुकानातल्या एका स्पीकरवर ती डब्यातून बोलल्यासारखी वाटेल, दुसऱ्यावर तिला सर्दी झाल्यासारखी. ज्या स्पीकरवर डोळे मिटून ऐकताना तुम्ही नकळत “हो, येतो” म्हणाल, त्याची किंमत विचारा.